गेटवे एकच असतो

आमच्या दुकानात लक्ष्मीपूजनाला पाटावर तीन गोष्टी मांडतात. चांदीचं नाणं, गल्ल्याची किल्ली आणि एक दोनशेपानी वही. वहीच्या पुठ्ठ्यावर इतकी वर्षं हळदकुंकू पडलंय की मूळ रंग कुठला होता ते आता पप्पांनाही सांगता येत नाही. ही हिशेबाची वही नाही. ती वेगळी. या वहीत आयपी अ‍ॅड्रेस आहेत.

दुकान करमाळ्यात, एसटी स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर. २००३ मध्ये पप्पांनी ते सायबर कॅफे म्हणून सुरू केलं तेव्हा मी सहा वर्षांची होते. सहा कॉम्प्युटर, प्लायवुडची पार्टिशनं आणि फोनच्या वायरीवर चालणारा एक मोडेम. मोडेम एकाच मशीनला. त्या मशीनवर विंडोजची ‘इंटरनेट कनेक्शन शेअरिंग’ नावाची सोय चालू केली की बाकीच्या पाचांना त्याच्यातून इंटरनेट मिळायचं. शेअर करणारं मशीन स्वतःला १९२.१६८.०.१ हा पत्ता घ्यायचं. पुढचे पत्ते पप्पा हाताने द्यायचे, .२, .३, .४ असे, आणि दिलेला प्रत्येक पत्ता वहीत लिहायचे. उभे रकाने आखलेले: मशीन, आयपी, सबनेट मास्क, गेटवे, डीएनएस.

२००५ मध्ये बीएसएनएलचं डेटावन ब्रॉडबँड आलं, आमच्याकडे जरा उशिराच. वेग २५६ केबीपीएस. आज हा आकडा वाचून हसू येईल, पण तेव्हा लोक नुसता वेग बघायला यायचे. मुख्य मशीनला आता दोन लॅन कार्डं लागली. एक बाहेरचं, मोडेमकडे जाणारं. एक आतलं, दुकानाकडे जाणारं. त्या दिवशी वहीत एक ओळ पडली, खाली दोनदा रेघ ओढून: ‘आतल्या कार्डाला गेटवे देऊ नये.’

मला तेव्हा यातलं काही कळत नव्हतं. मला केबलचे रंग पाठ होते. पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. परवचा म्हटल्यासारखे मी ते म्हणायची, पप्पा त्या क्रमाने तारा जॅकमध्ये सरकवायचे आणि क्रिंपिंग टूल दाबायचं काम मला द्यायचे. कट्ट असा आवाज यायचा. तो आवाज मला फार आवडायचा.

याच वहीमुळे मी इंजिनिअर झाले, असं लिहिलं तर छान दिसेल, पण ते खरं नाही. बारावीला मार्क पडले, पुण्याला कॉम्प्युटरला अ‍ॅडमिशन मिळाली, म्हणून झाले. मी सेकंड इयरला असताना, सप्टेंबर २०१६ मध्ये, जिओ आलं आणि दोन वर्षांत कॅफे संपला. प्लायवुड निघालं. सहाचे तीन कॉम्प्युटर राहिले. पाटी बदलली: झेरॉक्स, प्रिंट, ऑनलाइन फॉर्म, सातबारा. मी नोकरीला लागल्यापासून दर सुट्टीत एकच विषय काढायची. ‘पप्पा, बंद करा आता. सगळं मोबाइलवर होतं.’ पप्पा ‘बघू’ म्हणायचे.

तर ही गोष्ट २०२५ च्या दिवाळीची. १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. दुकानातली तिन्ही मशीन बारा वर्षांपूर्वीची, विंडोज ११ त्यांच्यावर अधिकृतपणे चढत नाही. नवी घ्यायला पप्पा तयार नव्हते आणि ‘बंद करा’ म्हणणाऱ्या मला तसा आग्रह धरणं शोभलं नसतं. मी म्हटलं, लिनक्स टाकते. धनत्रयोदशीला दोन मशीनवर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाकली, ती जुन्या मशीनवर बरी पळते. तिसऱ्याला हात लावला नाही, कारण अंगठ्याचं मशीन त्याला जोडलेलं होतं आणि त्याचा ड्रायव्हर फक्त विंडोजचा.

पप्पा वही घेऊन शेजारी उभे. ‘हे दोन नंबरचं. ११ दे त्याला. हे तीन नंबरचं, १२.’

‘लागत नाही पप्पा. ऑटोमॅटिक आहे. केबल लावली की राउटर पत्ता देतो.’

‘प्रिंटरला ५० दिलाय.’

‘तो राहू दे. पण बाकीचं आता कोणी हाताने लिहीत नाही. ही वही कशाला लागते हो अजून?’

ते काही बोलले नाहीत. वही मिटून काउंटरखाली ठेवली. लक्ष्मीपूजनाला ती पाटावर आली, हळदकुंकू लागलं, परत खाली गेली. माझ्या वाक्याची आठवण मला झाली ती नंतर, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी रात्री.

त्या दिवशी संध्याकाळी सातच्या सुमारास ब्रॉडबँड आजारी पडलं. मेलं नाही, आजारी पडलं. हा फरक पुढे महत्त्वाचा आहे. पिंग केलं तर उत्तर येत होतं, मधूनच दोन-तीन हरवत होती. हलकं पान उघडायचं, जड पान फिरत राहायचं. ब्रॉडबँडवाल्याचा फोन लागत नव्हता. दुकानात एक मुलगी आईला घेऊन आलेली, एका भरती परीक्षेचा फॉर्म भरायला. शेवटचा दिवस, रात्री बाराला साइट बंद. फॉर्म तिने मोबाइलवर अर्धा भरला होता. पण फोटो ५० केबीच्या आत, सही २० केबीच्या आत, सही काळ्या शाईने पांढऱ्या कागदावर करून स्कॅन केलेली, हे सगळं मोबाइलवर बसवताना चारदा फेटाळलं गेलं होतं. ‘सगळं मोबाइलवर होतं’ हे माझं वाक्य माझ्यासमोर खुर्चीवर बसलं होतं, हातात पासपोर्ट फोटोचं पाकीट घेऊन.

मी म्हटलं, सोपं आहे, माझ्या मोबाइलचं हॉटस्पॉट लावू. दुकानात वायफायचं एकच छोटं डोंगल होतं, ते दोन नंबरच्या मशीनला लावलं. हॉटस्पॉट दिसला, पासवर्ड टाकला, जोडला गेला. फॉर्मचं पान तरी फिरतच राहिलं. मग लॅनची केबल काढली. पान झटकन उघडलं. मुलीने लॉगिन केलं, फोटो चढला. आता सही. सही स्कॅन करायची तर स्कॅनर प्रिंटरमध्ये, आणि प्रिंटर लॅनच्या केबलीपलीकडे. केबल लावली, स्कॅन झालं, पानावर परत आलो तर ‘सेशन एक्स्पायर्ड’. परत लॉगिन, परत फोटो.

असं तीनदा झालं. केबल काढली की साइट चालते पण प्रिंटर जातो. केबल लावली की प्रिंटर येतो पण साइट बाहेर काढते. घड्याळात सव्वानऊ. मागे आणखी तीन माणसं फॉर्मसाठी थांबलेली. मुलीची आई दर मिनिटाला विचारत होती, ‘होईल ना गं ताई?’ मी ‘होईल’ म्हणत होते आणि मला माहीत नव्हतं.

इथे मला एक कबुली द्यायला हवी. मी सात वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, पेमेंटच्या स्क्रीन लिहिते. लोकांचे पैसे जातात-येतात ते माझ्या कोडमधून. पण नेटवर्क हे ऑफिसात दुसऱ्या टीमचं काम. काही अडलं की तिकीट टाकायचं, दुसऱ्या दिवशी ‘रिझॉल्व्ह्ड’ असं उत्तर येतं. लॅपटॉप उघडला की इंटरनेट असतं. ते कोणत्या वाटेने येतं हे मी कॉलेजच्या पेपरात लिहिलं होतं, नंतर कधी बघितलं नव्हतं.

ब्राउझर बंद करून उघडला, मशीन रीस्टार्ट केलं, जे आपण सगळे करतो ते केलं. मग काळी खिडकी उघडून ‘आयपी रूट’ ही कमांड दिली. चार-पाच ओळी आल्या. पप्पा चष्मा कपाळावरून खाली घेऊन माझ्या खांद्यामागून बघत होते. त्यांनी कधी लिनक्स बघितलं नव्हतं. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं.

‘हे डिफॉल्ट दोन का आहेत?’

खरंच दोन होते. एक डिफॉल्ट राउटरकडून, शेवटी लिहिलेलं मेट्रिक १००. दुसरा डिफॉल्ट मोबाइलकडून, शेवटी मेट्रिक ६००.

‘डिफॉल्ट म्हणजे गेटवेच ना?’ पप्पांनी विचारलं. ‘गेटवे एकच असतो. दोन ठेवलेस तर मशीन नको तिकडे जाणार. आतल्या कार्डाला गेटवे द्यायचा नाही.’

मी त्यांच्याकडे बघितलं. ते काउंटरखाली वाकून वही शोधायला लागले होते.

काय चाललं होतं ते आता सांगते, कारण हे तुमच्याही लॅपटॉपवर कधीतरी होणार आहे. मशीनला एकाच वेळी दोन वाटांनी इंटरनेट मिळत असेल तर कुठल्या वाटेने जायचं हे कोणीतरी ठरवावं लागतं. लिनक्सच्या बहुतेक डेस्कटॉपवर हे नेटवर्कमॅनेजर ठरवतो. रेड हॅटमध्ये २००४ मध्ये हा प्रकल्प सुरू झाला तोच या हेतूने की माणसाला काही करावं लागू नये, नेटवर्क आपोआप चालावं. तो प्रत्येक वाटेला एक आकडा देतो. वायरला १००, वायफायला ६००. आकडा लहान, तिला मान पहिला. म्हणजे केबल लावलेली असेल तर जगातला सगळा रहदारीचा लोंढा केबलीतून, वायफाय नुसतं जोडलेलं. एरवी हा निर्णय योग्यच असतो. केबल बहुधा वेगवान असते.

केबलीपलीकडचं इंटरनेट पूर्ण मेलं असतं तर ही अडचण कदाचित आलीच नसती. नेटवर्कमॅनेजरमध्ये एक तपासणी असते. ती चालू असेल तर तो अधूनमधून एक लहानसं पान मागून बघतो, आणि उत्तर आलं नाही तर त्या वाटेच्या आकड्यात २०,००० मिळवतो. अशी वाट आपोआप रांगेत मागे जाते. पण आमचं ब्रॉडबँड आजारी होतं, मेलेलं नव्हतं. लहान पान यायचं. तपासणीत पास, कामात नापास. त्यामुळे १०० चा आकडा तसाच राहिला आणि मुलीचा फॉर्म त्या अर्धमेल्या वाटेवर जाऊन बसत होता. केबल लावली की वाट बदलायची, साइटला वेगळ्याच पत्त्यावरून कोणीतरी बोलतंय असं दिसायचं आणि ती बाहेर काढायची.

इलाज पप्पांच्या वहीत २००५ पासून लिहिलेला होता. प्रश्न एवढाच, की या नव्या खिडकीत तो कुठे लिहायचा.

मेनूमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्क कॉन्फिगरेशन’ नावाचं एक टूल असतं. अ‍ॅडव्हान्स्ड हा शब्द वाचला की आपण तिकडे जात नाही. मीही गेले नव्हते. उघडलं तर अगदी साधी यादी: मशीनला माहीत असलेली सगळी कनेक्शनं आणि प्रत्येक शेवटचं कधी वापरलं ते. ‘वायर्ड कनेक्शन १’ वर डबल क्लिक केलं. वर टॅब आले: जनरल, इथरनेट, प्रॉक्सी, आयपीव्ही४ सेटिंग्ज, आयपीव्ही६ सेटिंग्ज. आयपीव्ही४ मध्ये पद्धत ‘ऑटोमॅटिक, डीएचसीपी’. खाली कोपऱ्यात ‘रूट्स’ नावाचं बटण. ते दाबल्यावर उघडलेल्या छोट्या खिडकीत तळाशी दोन चौकोन. दुसऱ्यापुढे लिहिलं होतं की हे कनेक्शन फक्त त्याच्या स्वतःच्या नेटवर्कवरच्या गोष्टींसाठी वापरा.

ती ओळ मी दोनदा वाचली. ‘आतल्या कार्डाला गेटवे देऊ नये.’ तेच वाक्य, दुसऱ्या कोणीतरी, दुसऱ्या देशात बसून, लांब करून लिहिलेलं.

टिक केलं. सेव्ह केलं. पान रिफ्रेश केलं. फिरत राहिलं.

आता मात्र माझ्या पोटात गोळा आला. परत ‘आयपी रूट’ दिलं. डिफॉल्ट अजून दोनच. माझी खात्री होती की बरोबर जागी टिक केलंय, आणि मशीन ढिम्म. घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं.

‘केबल काढून परत लाव,’ पप्पा म्हणाले.

‘त्याने काय होणार आहे?’ मी जरा चिडूनच विचारलं.

‘काढून तर बघ. लगेच नको लावू. दहापर्यंत मोज.’

त्यांनी स्वतःच केबल काढली आणि ओठांनी आकडे मोजले. दहाला परत लावली. कट्ट. मी कमांड दिली. डिफॉल्ट एक. मोबाइलचा.

हा उपाय मला लहानपणापासून माहीत होता आणि मी त्याला अडाणी उपाय समजत आले होते. काहीही बिघडलं की पप्पा केबल काढायचे, दहा मोजायचे, लावायचे. नंतर पुण्याला आल्यावर मी कारण वाचून काढलं. त्या टूलमध्ये आपण जे बदलतो ते कनेक्शन नसतं, ते कनेक्शनचं प्रोफाइल असतं. मशीनला जोडलेल्या वायरीशी कसं वागायचं याचा तो लिहून ठेवलेला नियम. सेव्ह केलं की नियम बदलतो, पण चालू असलेली जोडणी जुन्याच नियमाने चालत राहते. जोडणी तोडून पुन्हा जोडली की नवा नियम लागू. ते माउसने करता येतं, पॅनेलवरच्या चिन्हातून डिस्कनेक्ट करून. केबल काढूनही होतं. आणि दहा मोजायचं कारणही आहे: केबल निघाल्यावर नेटवर्कमॅनेजर काही सेकंद थांबतो, नुसता धक्का लागला असेल म्हणून. त्याच्या आत परत लावली तर जोडणी तुटलीच नाही असं धरून पुढे चालतो. पप्पांना हे कारण ठाऊक नव्हतं. त्यांना दहा ठाऊक होते.

एक बारीक गोष्ट, कोणी हे करून बघणार असेल तर. आयपीव्ही६ च्या टॅबमध्ये हाच चौकोन वेगळा असतो. आमचा राउटर आयपीव्ही६ देत नाही म्हणून एका टिकवर भागलं. तुमचा देत असेल तर दोन्हीकडे करावं लागेल, नाहीतर अर्धी रहदारी जुन्याच वाटेने जाईल आणि तुम्ही डोकं धरून बसाल.

मुलीने चौथ्यांदा लॉगिन केलं. फोटो चढला. केबल लावलेली असतानाच सही स्कॅन झाली, २० केबीत बसवली, चढली. पैसे भरताना पान सात-आठ सेकंद थांबलं आणि तेवढ्यात दुकानात कोणी काही बोललं नाही. मी रोज ज्या स्क्रीन लिहिते त्यातलीच ती एक स्क्रीन, मधोमध फिरणारं चक्र. त्या चक्राकडे ग्राहकाच्या बाजूने, खुर्चीच्या मागे उभं राहून, मी पहिल्यांदा बघत होते. मग पावती आली. प्रिंटरने ती काढली. पप्पांनी पन्नास रुपये घेतले. मला वाटलं होतं, इतका उशीर झाल्यावर ते घेणार नाहीत. पण त्यांनी घेतले, सुट्टे मोजून परत दिले, आणि मुलीला म्हणाले, ‘पीडीएफ मेलवरपण पाठवून ठेव.’

मागची तीन माणसं अजून होती आणि डोंगल एकच. पप्पांनी वही उघडून अगदी पहिलं पान माझ्यापुढे धरलं. २००३ चं पान. एक मशीन, त्याच्यामागे पाच मशीन. ‘तुझ्या लिनक्समध्ये हे होतं का?’

होतं. आयपीव्ही४ च्या पद्धतींच्या यादीत ‘ऑटोमॅटिक’, ‘मॅन्युअल’ यांच्या खाली एक नाव असतं: ‘शेअर्ड टू अदर कॉम्प्युटर्स’. ते निवडलं की मशीन स्वतःच छोटा राउटर होतं. एका वाटेने आलेलं इंटरनेट दुसऱ्या वाटेने वाटायला लागतं, हवे त्यांना पत्तेही देतं. काहीच लिहिलं नाही तर स्वतःला १०.४२.०.१ हा पत्ता घेतं. पण तसं केलं असतं तर १९२.१६८.१.५० वरचा प्रिंटर वेगळ्या गल्लीत पडला असता आणि विंडोजच्या मशीनवर हाताने लिहिलेला गेटवेही चुकला असता. त्या पद्धतीखाली पत्त्याची एक ओळ असते, ऐच्छिक. तिथे आम्ही १९२.१६८.१.१ लिहिलं, म्हणजे राउटरचाच पत्ता, आणि राउटरची केबल स्विचमधून काढून बाजूला ठेवली. ती काढायलाच हवी. एका गल्लीत एकाच नंबरची दोन घरं चालत नाहीत.

‘मास्कच्या जागी २४ का दिसतंय?’ पप्पांनी विचारलं. ‘तिथे २५५.२५५.२५५.० पाहिजे.’

मी सांगितलं की ते तेच आहे. २५५ म्हणजे आठ बिट सगळे एक. तीनदा २५५ म्हणजे आठ त्रिक चोवीस. पत्त्याचे पहिले चोवीस बिट गल्लीचे, उरलेले आठ घराचे.

‘मग बावीस वर्षं मला तीनदा २५५ कशाला लिहायला लावलं?’ ते म्हणाले. मला हसू आलं, त्यांनाही.

तीन नंबरच्या मशीनला मी शेवटी हाताने पत्ता दिला, वहीत बघून. १९२.१६८.१.१२, गेटवे १९२.१६८.१.१, डीएनएस तोच. विंडोजच्या मशीनवर काहीच बदलावं लागलं नाही. त्याचा गेटवे होता तोच राहिला, फक्त त्या पत्त्यावर आता राउटरऐवजी दोन नंबरचं मशीन बसलं होतं, आणि त्याच्यामागे माझा मोबाइल, चार्जरला लावलेला, तापून गरम झालेला. पावणेबाराला शेवटचा फॉर्म गेला.

दुसऱ्या दिवशी मी एका पोर्टची दोन प्रोफाइलं केली. ‘दुकान रोज’ आणि ‘दुकान मोबाइल’. वायर तीच, नियम दोन. ब्रॉडबँड नीट असेल तेव्हा पहिलं. आजारी पडलं की राउटरची केबल काढायची, डोंगल लावायचं आणि पॅनेलवरच्या चिन्हावर क्लिक करून दुसरं निवडायचं. हॉटस्पॉटच्या प्रोफाइलला ‘मीटर्ड’ अशी खूण केली, म्हणजे तिची दखल घेणारे प्रोग्रॅम मोबाइलच्या डेटावर मोठे अपडेट ओढणार नाहीत. पप्पांनी सगळं स्वतः दोनदा करून बघितलं. मग मी त्यांना ते फोल्डर दाखवलं ज्यात नेटवर्कमॅनेजर ही प्रोफाइलं साठवतो. प्रत्येक कनेक्शनची एक साधी मजकूर फाइल. नाव, पद्धत, पत्ता, मास्क, गेटवे, डीएनएस, एकाखाली एक. पासवर्डही त्यातच असतात, म्हणून ती रूटशिवाय कोणाला उघडता येत नाही.

पप्पांनी फाइल वरून खाली वाचली. ‘ही तर वहीच आहे,’ ते म्हणाले.

मी त्यावर काही बोलले नाही. काही दिवसांपूर्वी जे बोलले होते ते परत घ्यायची ती वेळ होती, आणि मला ते जमलं नाही. आमच्या घरात कोणी कोणाला सॉरी म्हणत नाही. मी म्हटलं, ‘वहीत हे पण लिहून ठेवा, दुसरं प्रोफाइल.’ त्यांनी पेन शोधलं.

ऑटोमॅटिकला माझा विरोध नाही. मी स्वतः सगळीकडे ऑटोमॅटिकच वापरते, ऑफिसात, फ्लॅटवर, स्टेशनवर. रोज सकाळी उठून गेटवे लिहीत बसायची कोणाची इच्छा आहे? पण ऑटोमॅटिक म्हणजे निर्णय नसतो असं मी समजत होते. ते चूक होतं. निर्णय असतोच. १०० आणि ६०० हे कोणीतरी विचार करून ठरवलेले आकडे आहेत, बहुतेकांसाठी, बहुतेक वेळा बरोबर. ज्या संध्याकाळी आपण त्या बहुतेकांत नसतो, तेव्हा तो निर्णय कुठे लिहिलाय हे माहीत असलेला एक माणूस जवळ लागतो. त्या रात्री दुकानात असा माणूस एकच होता, आणि डिग्री त्याच्याकडे नव्हती.

दुकान बंद करायचा विषय मी त्यानंतर काढलेला नाही. दुकान चालेल की नाही ते मला माहीत नाही. फॉर्मची गर्दी महिन्यातून चार दिवस, एरवी झेरॉक्स. पप्पा अठ्ठावन्न वर्षांचे आहेत, गुडघे दुखतात. पण तो निर्णय त्यांचा आहे, आणि मी तो त्यांच्या वतीने घेऊन टाकत होते.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. मी मीटिंगमध्ये होते, उचलला नाही. नंतर बघितलं तर व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज होता: ‘ब्रॉडबँड गेलेलं. मोबाइलवालं लावलं. चालू आहे.’ खाली वहीच्या नव्या पानाचा फोटो. रकाने तसेच आखलेले, अक्षर थोडं मोठं झालेलं. मशीन: २. प्रोफाइल: दुकान मोबाइल. आयपी: १९२.१६८.१.१. मास्कच्या रकान्यात २५५.२५५.२५५.० आणि त्याच्यापुढे, बारीक अक्षरात, ‘म्हणजे २४’.

गेटवेच्या रकान्यात लिहिलं होतं: रिकामा ठेवणे.